आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या हॉलचं कुलूप काढा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांना,

सविनय नमस्कार वि. वि.

मी एसटीचा निवृत्त वाहक. वय ७२. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. घाटाच्या वळणावर गाडी कलायची तेव्हा कंबर बाकाला टेकवायची, एका हातात तिकिटं, दुसऱ्यात सुट्टे पैसे. एवढ्या वर्षांत एकदाही तोल जाऊन पडलो नाही. तो माणूस गेल्या महिन्यात रात्री तीन वाजता स्वतःच्या घरात, न्हाणीघराच्या चार बोटं उंबरठ्याला अडखळून पडला. डावा खुबा मोडला. सौ.ला मला उचलता येईना. शेजारी येईपर्यंत पाऊण तास ओल्या फरशीवर पडून होतो. पाय बाहेरच्या अंगाला वळला होता, आखूड दिसत होता. तो माझा पाय आहे असं वाटतच नव्हतं.

आधी आभार मानतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. माझं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं. रॉड, स्क्रू, सहा दिवस खाट, पदरचा रुपया लागला नाही. त्याबद्दल आपला ऋणी आहे. पण हे पत्र आमच्या हॉलसाठी लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र बांधलं. मांडव घातला, शाली दिल्या, नारळ फुटला. माईकवरून शब्द दिला गेला की इथे आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट येईल आणि हा वर्ग कायम चालेल. खरंच एक मुलगी आली. पंचविशीची, कंत्राटी, पगार महिन्याला पंधरा हजार. तिने आम्हा बावीस जणांना भिंतीकडे पाठ करून उभं केलं, प्रत्येकापुढे एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या, दहा अंक मोजायचे. पुढच्या आठवड्यात एकाच हाताने धरायचं. मग दोन बोटांनी. मग सोडून. फरशीवर तिने खडूने रेघ ओढली होती. एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच भिडवत त्या रेघेवरून चालायचं, आणि ती शेजारून हात पसरून चालायची, पडलोच तर झेलायला. शेवटी खुर्चीतून हात न टेकता उठणं. पहिल्या दिवशी मला एकदाही उठता आलं नाही, लाज वाटली. तिसऱ्या महिन्यात सलग दहा वेळा उठत होतो.

आमच्यातले बरेच जण म्हणायचे, आम्ही रोज तासभर चालतो, वेगळा व्यायाम कशाला? ती सांगायची, काका, चालणं चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्याने पडणं थांबत नाही. तोल थोडा डगमगला पाहिजे, मांडी भरून आली पाहिजे, तरच शरीर शिकतं. आणि सोडलंत तर दोन-चार महिन्यांत विसरतं.

चौथ्या महिन्यात तिची मुदत संपली. पुढची ऑर्डर निघाली नाही. हॉलला कुलूप लागलं. आत आता मोडके बाक, जुने बॅनर आणि डासांच्या फवारणीचं यंत्र आहे, खिडकीतून दिसतं. मी सहा खेपा घातल्या. एकदा ‘निधी नाही’, एकदा ‘फाईल वर गेली’, एकदा ‘साहेब दौऱ्यावर’. सहाव्या खेपेला एकाने विचारलं, काका, घरी करा ना, कशाला हवा हॉल? त्याला उत्तर दिलं नाही, आज देतो. घरी माणूस ओट्याला धरून चार दिवस टाचा उचलतो. पाचव्या दिवशी गुडघा दुखतो, सहाव्या दिवशी नातवाला ताप येतो, आणि सुटतं ते सुटतं. वर्गात शेजारचे गुरुजी दिसले नाहीत तर आम्ही त्यांच्या घरी जायचो, हाताला धरून आणायचो. वर्ग बंद झाल्यावर दीड वर्षात बाविसांतले तिघं पडले. एक आजी पुन्हा उठल्या नाहीत. खुबा मोडलेल्या पाचांतला एक तरी म्हातारा वर्षभरात जातो, हे कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा.

नातीने मोबाईलवरून मला सगळं वाचून दाखवलं. पासष्टीपुढच्या तिघांतला जवळपास एक जण दरवर्षी पडतो. जगभरात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम देशांतली, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या लोकांनी तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाने घरी येऊन शिकवायचे आणि मग घरच्या घरी करायचे व्यायाम बसवले. पायाला वजन बांधणं, टाचांवर चालणं, खुर्चीतून उठणं. पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं. २०१९ साली अशा व्यायामाचे १०८ अभ्यास आणि त्यांतली २३ हजार माणसं एकत्र मोजली, तेव्हाही व्यायामाने पडणं जवळजवळ चौथाईने घटतं असंच निघालं. तीस वर्षं हे माहीत आहे, साहेब. यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. खुर्ची, खडू आणि एक शिकलेलं माणूस लागतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे एक कोटीहून जास्त होते. एवढ्यांचे खुबे सरकार कुठवर बदलत बसणार?

आता माझ्या घरी एक फिजिओथेरपिस्ट येतो. खेपेला पाचशे रुपये. माझी पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली, महिन्याला तीन हजारांच्या आत, बाकीचं मुलगा भरतो. पहिल्या दिवशी त्याने काय केलं सांगू? माझ्यापुढे प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि म्हणाला, काका, हिच्या पाठीला धरून टाचा उचला. मला रडू आवरेना. त्या बिचाऱ्याला वाटलं, दुखतंय.

हाड मोडलं की तुमच्याकडे पाच लाख आहेत. वयोश्री योजनेत वॉकर, चष्मा, कमोडची खुर्ची घ्यायला तीन हजार आहेत. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, पण एसटीची पहिली पायरी चढायला मांडीत जोर लागतो. म्हातारी माणसं दांड्याला लोंबकळून कशी चढतात हे मी बत्तीस वर्षं पाहिलंय, कित्येकांना काखेत हात घालून वर घेतलंय. तो जोर टिकावा म्हणून आठवड्याचे दोन तास आम्हाला कुणी देत नाही. २१ जूनला योगदिनाला आम्हाला मैदानावर बोलावतात, फोटो काढतात, २२ तारखेला तिथे कुणी नसतं. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ सालचा आहे. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांची ओपीडी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण इमारतीला कोनशिला बसते, वर्गाला बसत नाही. न पडलेला म्हातारा कुणाला दाखवता येत नाही, म्हणून त्याच्यावर खर्च करायला कुणी धजत नाही. आणि ज्या पोरीने बावीस माणसं उभी केली, तिच्या हातात अकरा महिन्यांची ऑर्डरसुद्धा नाही. शिक्षक कंत्राटी, नर्स कंत्राटी, फिजिओ कंत्राटी. मग कायम काय आहे या राज्यात?

रागाने लिहिलं गेलं, पण खोडत नाही.

मला रात्री तीन वाजता का उठावं लागलं? बीपीच्या औषधात लघवी जास्त होणारी गोळी होती. अंथरुणातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. चार वर्षं दर महिन्याला तपासणीला गेलो. वजन झालं, बीपी झालं, साखर झाली. ‘गेल्या वर्षात कधी पडलात का, चक्कर येते का’ हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही. एवढा एक प्रश्न राज्यातल्या प्रत्येक केसपेपरवर छापून घ्या.

आणि त्या मुलीला, किंवा तिच्यासारख्या कुणाला तरी, तालुक्याच्या प्रत्येक गावात आठवड्यातून दोनदा पाठवा, वर्षाचे बाराही महिने. माझ्या खुब्याच्या बिलात तिचा दहा महिन्यांचा पगार निघाला असता.

तोवर निदान आमच्या हॉलची किल्ली कुणाकडे आहे ते कळवा. आतलं सामान आम्ही हलवू. खुर्च्या आम्ही घरून आणू.

आपला,
एक निवृत्त वाहक

ता. क. पत्र लिहून होईपर्यंत सौ. ओट्याला धरून टाचा उचलत होती. तिला न्हाणीघरात एकटं जायची भीती बसली आहे. आज आठ झाले.