तुमच्या चेनसॉच्या कागदावर साखळी उलटी छापली आहे

केरी, सत्तरी, गोवा
दि. १८ जून २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: इलेक्ट्रिक चेनसॉचा सदोष ब्रेक, चुकीचं माहितीपत्रक आणि हेल्पलाइनवरून मिळालेला धोकादायक सल्ला

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचा २००० वॅटचा, १६ इंची बारचा (साखळी ज्या पट्टीभोवती फिरते ती) चेनसॉ मी मे महिन्यात म्हापशाच्या दुकानातून घेतला. बिल, वॉरंटी कार्ड आणि मशीनवरच्या पाटीचा फोटो सोबत आहे. नुसतं मशीन बिघडलं असतं तर चार ओळींत काम झालं असतं. पण डब्यातला कागद आणि हेल्पलाइनवरची माणसं मिळून उद्या कुणाचा तरी हात घालवतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं कुळागर आहे. माड, पोफळी, मधूनमधून फणस आणि जायफळ. पाऊस लागला की काही ना काही मोडून पडतंच. कधी पाटावर आडवं, कधी पंपाच्या खोपीवर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा अग्निशामक दलाची माणसं रस्ते मोकळे करण्यात गुंतली होती आणि बागेतलं लाकूड ज्याचं त्याने बघायचं होतं. तेव्हापासून घरची करवत हवी असं डोक्यात होतं. पेट्रोलचं मशीन जड, त्यात तेल-पेट्रोलचं मिश्रण करा, दोरी ओढा. पंपाजवळ वीज आहेच, म्हणून हा घेतला. (उभं झाड तोडायला आमच्याकडे १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे मला ठाऊक आहे. माझं काम पडलेल्या लाकडाचं.)

आता कागदाबद्दल. दुकानातल्या मुलाने तुमच्या पत्रकातलं चित्र समोर ठेवून बार आणि साखळी बसवून दिली. घरी आणून बघते तर बारच्या वरच्या बाजूचे कापणारे दाते माझ्याकडे, म्हणजे मोटरच्या दिशेने तोंड करून. वरच्या बाजूला साखळी हँडलकडून टोकाकडे धावते, म्हणून तिथे दात्यांची धार टोकाकडे असायला हवी. साखळी उलटी बसली तर मशीन कापत नाही, नुसतं घासतं, धूर काढतं, आणि माणूस वैतागून अंगाचा भार टाकतो. गंमत म्हणजे तुमच्याच मशीनच्या कव्हरखाली, स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) शेजारी, साखळीचं एक बारीक चित्र कोरलेलं आहे आणि ते बरोबर आहे. कव्हर एक सांगतं, कागद दुसरं. छापण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितलंच नाही का?

साखळी किती ताणायची, याबद्दल पत्रकात एक ओळ आहे: ‘चेन घट्ट करावी’. घट्ट म्हणजे किती? मशीन थंड असताना साखळी बारच्या खालच्या कडेला चिकटून बसली पाहिजे. मधोमध चिमटीत धरून ओढली तर थोडी उचलली जावी, पण आतले दाते बारच्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. प्लग काढून, हातमोजे घालून हाताने फिरवली तर ती अडखळता कामा नये. नट आवळताना बारचं टोक वर उचलून धरायचं, नाहीतर आवळून झाल्यावर बार खाली बसतो आणि साखळी सैल पडते. नवी साखळी सुरुवातीच्या कामात भराभर सैलावते, म्हणून मध्ये थांबून पुन्हा पाहावी लागते. तापलेली असताना ताणली तर थंड होताना आखडते, म्हणून काम संपलं की थोडी सैल करून ठेवायची. यातलं एक अक्षर तुमच्या कागदावर नाही. हे सगळं मी शेजारच्या जुन्या पेट्रोल मशीनवर शिकले. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा चेनसॉ हातात घेतला त्याने काय करायचं?

विजेची बाजू तर त्याहून वाईट. मशीनला वायर दिली आहे हातभर, म्हणजे प्रत्येक माणूस एक्सटेन्शन लावणारच. ते केवढं, किती जाडीचं, यावर पत्रक गप्प. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, आणि प्लग तुम्ही लावला आहे ६ अँपिअरचा! आमच्या घरी तो काढून १६ अँपिअरचा लावला, अडीच एमएमची वायर घेतली आणि पंपाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, त्यावरून चालवलं. काढलेल्या प्लगच्या पिना तोवर तपकिरी पडल्या होत्या, फोटोत स्पष्ट दिसतं. साध्या टेबलफॅनच्या वायरीवर कुणी लांब ओढून हे मशीन चालवलं तर व्होल्टेज पडेल, मोटर तापेल आणि वायर वितळेल. ओल्या पाटात पाय ठेवून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत पुढचं मी सांगायला नको. ‘पावसात किंवा ओल्या जागी वापरू नये’ हे वाक्य पत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आहे.

पण माझी मुख्य तक्रार ब्रेकची आहे.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला किंवा फांदीला लागला की मशीन उसळून चेहऱ्याकडे येतं. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. पुढचा हँडगार्ड त्यासाठीच असतो: मशीन उसळलं की डाव्या मनगटाने तो पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. काम सुरू करण्यापूर्वी मी तो तपासते. मशीन जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी धरून चालू केलं, मनगटाने हँडगार्ड पुढे लोटला. टक् असा आवाज आला, मोटर बंद झाली, आणि साखळी पंखा बंद केल्यावर पाती फिरत राहावीत तशी फिरत राहिली. पुन्हा केलं, तेच. व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये आहे. ब्रेकचा पट्टा एकतर बसवलेलाच नाही किंवा तो धरत नाही. त्या क्षणापासून मशीन मी कुणाला हात लावू दिलेलं नाही.

साखळीला लागणाऱ्या तेलाचं तसंच. टाकी भरून बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरलं आणि चालवलं. पंप नीट असेल तर कागदावर तेलाची बारीक रेघ उठते. कागद कोरा राहिला. बार मात्र हात लावला तर भाजेल इतका तापला.

मग हेल्पलाइनला फोन केला. पहिलाच प्रश्न: “मॅडम, घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना फोन द्या ना.” मी म्हटलं, मशीन मी चालवते, बिल माझ्या नावाचं आहे, बोला. ब्रेकबद्दल उत्तर आलं की ट्रिगर सोडला की मशीन बंद होतंच, ब्रेकचं एवढं काय? आणि हँडगार्ड मध्ये येत असेल तर काढून टाका, बरेच लोक काढतात. तेलाबद्दल सल्ला असा, की गॅरेजमधलं गाडीचं जळकं ऑइल घाला, स्वस्तात पडतं. त्या ऑइलमध्ये लोखंडाची कीस असते. तिने तुमचा पंप उरलासुरला मरेल, आणि साखळीवरून उडून ते माझ्या पोफळींच्या मुळात आणि पाटाच्या पाण्यात जाईल. चेनचं तेल चिकट असतं ते उडू नये म्हणूनच. तुमच्या पगारावरचा माणूस ग्राहकाला सुरक्षेचा भाग काढून टाकायला सांगतो, हे तुमच्या वरिष्ठांना माहीत आहे का? कॉलचं रेकॉर्डिंग होतं असं सुरुवातीला ऐकवता ना, ते काढून ऐका.

डब्यावरचा फोटोही एकदा बघा. शिडीवर उभा माणूस, डोळ्यांवर चष्मा नाही, मशीन एका हातात आणि खांद्याच्या वर धरलेलं. करू नये त्या सगळ्या गोष्टी एकाच चित्रात. आमच्या पाडेलीकाकांनी तो डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “बाय, हो मनीस आतां पडटलो.” माडावर चढण्यात त्यांची हयात गेली आहे, त्यांना कळतं.

माझ्या मागण्या अशा. हे मशीन तुमच्या खर्चाने न्यावं आणि ब्रेक व तेलाचा पंप चालू स्थितीत असलेलं नवं मशीन, योग्य अँपिअरच्या प्लगसह द्यावं, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. उलटं चित्र असलेलं पत्रक मागे घ्यावं आणि ज्यांना ज्यांना हे मॉडेल विकलं, त्या सर्वांना दुरुस्त पत्रक पाठवावं; वॉरंटी नोंदणीत त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच. इथे विकायचं असेल तर पत्रक मराठीत आणि कोकणीतही असू द्या. आणि हँडगार्ड काढण्याचा सल्ला चुकीचा होता, असं मला लेखी कळवावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा न देणं हीसुद्धा उत्पादकाची जबाबदारी ठरते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहते तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तेव्हा मला त्याचं ओझं वाटणार नाही.

माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. सध्या पाऊस मोठा आहे, दुपारी लाइट जाते, आणि मशीन चालवून दाखवायला लाइट लागेल.

आपली,
(सही)

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, माहितीपत्रक व कव्हरखालच्या चित्राचे फोटो, तपकिरी पडलेल्या प्लगचा फोटो, ब्रेकचा व्हिडिओ (पेन ड्राइव्ह)