मालिका विकत घेतल्यानंतर बदललेली पुस्तकं, बंद पडलेले क्यूआर कोड आणि अडकलेली क्रेडिट नोट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शालेय विक्री व ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या सीबीएसई शाळेत पहिली ते आठवीला लावलेल्या गणित-विज्ञान मालिकेचा मूळ प्रकाशक आपण विकत घेतला. त्या व्यवहाराला आमची हरकत नाही. एस. चंद या प्रकाशकाने 2012 मध्ये विकास आणि 2014 मध्ये सरस्वती हाउस ही प्रकाशनं घेतली, नवनीत प्रकाशनाने 2016 मध्ये ब्रिटानिकाचा इथला शालेय व्यवसाय घेतला. मालकी बदलतच असते. आमची तक्रार आहे ती नंतर हातात आलेल्या पुस्तकांची.

सहावीच्या गणिताच्या दोन वेगळ्या छपाया आज एकाच वर्गात आहेत. दोन्हींच्या मलपृष्ठावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आवृत्तीचा तेरा आकडी ओळख क्रमांक, तोच. आत मात्र पूर्णांक संख्यांचा धडा दुसऱ्यावरून पाचवा झालाय, गुणोत्तराच्या धड्यातली सोडवलेली उदाहरणं निम्मी झालीत आणि शिक्षकांच्या पुस्तिकेतली उत्तरं जुन्या क्रमाचीच आहेत. नुसत्या फेरछपाईला जुना क्रमांक चालतो, किरकोळ चुका दुरुस्त केल्या तरीही. मजकुरात मोठा बदल केला की ती नवी आवृत्ती होते आणि तिला नवा क्रमांक घ्यावाच लागतो. नव्या मालकाच्या प्रकाशन-नावाखाली पुस्तक पुन्हा काढलं तरी तेच. ही निव्वळ कागदोपत्री बाब नाही. विक्रेत्याची मागणी या तेरा आकड्यांवरच जाते, त्यामुळे कुठली छपाई येईल हे त्यालाही कळत नाही. थोरल्या भावंडाचं पुस्तक वापरणाऱ्या मुलाला गृहपाठ सापडत नाही, आणि त्याच्या पालकांना नवं पुस्तक घ्यायला लावणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

दुसरी बाब क्यूआर कोडची. धड्याअखेरचे कोड मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळाकडे नेतात आणि ते संकेतस्थळ आपण बंद केलंय. कागदावर छापलेला कोड बदलता येत नाही, पण तो जिथे नेतो तो पत्ता आपल्या हातात आहे. जुनं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, चालू ठेवून प्रत्येक जुन्या पानावरून नव्या पानाकडे आपोआप नेणारं कायमचं रीडायरेक्ट लावावं. सगळे कोड संकेतस्थळाच्या मुख्य पानाकडे वळवून काम भागणार नाही. सातवीच्या मुलाला त्याच धड्याचा व्हिडिओ मिळायला हवा. डोमेनचं नूतनीकरण राहिलं तर ते कुणीही विकत घेऊ शकतं आणि आपल्या पुस्तकातला कोड मुलांना भलत्याच पानावर नेईल. आमच्या मते खालच्या मागण्यांतलं सर्वांत तातडीचं काम हेच आहे.

क्रेडिट नोटबद्दल, म्हणजे परत केलेल्या मालाची रक्कम आमच्या नावे जमा दाखवणाऱ्या कागदाबद्दल, थोडक्यात. शाळेच्या ग्राहक भांडाराने परत केलेल्या पुस्तकांची रक्कम ‘जुन्या कंपनीची आहे’ म्हणून नाकारली गेली. व्यवहार नेमका कसा झाला ते लेखी कळवा. शेअर विकत घेतले असतील तर कंपनी तीच राहते आणि तिची देणीही तशीच राहतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 ते 232 खाली विलीनीकरण झालं असेल तर मंजूर योजनेप्रमाणे देणी आपल्याकडे येतात. फक्त व्यवसाय विकत घेतला असेल तर करारात कुठली देणी घेतली ते सांगा, म्हणजे उरलेल्या रकमेसाठी आम्ही मूळ कंपनीला लिहू. करसमायोजन, म्हणजे कराचा हिशेब जुळवणं, हे कारण मात्र देऊ नये, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही.

15 दिवसांत पुढील गोष्टी व्हाव्यात: बदललेल्या पुस्तकांना नवा आयएसबीएन आणि मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असा ठळक उल्लेख, जुन्या-नव्या धड्यांचा व पानांचा तुलनात्मक तक्ता आणि दुरुस्त उत्तरसूची, दोन्ही पीडीएफमध्ये, क्यूआरचे रीडायरेक्ट, आणि क्रेडिट नोटबाबत लेखी उत्तर. चालू वर्षी जुन्या प्रती कमी पडल्यास शिल्लक साठ्यातून त्याच छपाईच्या प्रती द्याव्यात, मिश्र गठ्ठे पाठवू नयेत. आपल्या दुसऱ्या मालिकेशी विषय जुळतो म्हणून ही मालिका बंद करणार असाल, तर ते डिसेंबरपूर्वी कळवा. पुढल्या वर्षीची पुस्तक-यादी आम्ही तेव्हाच ठरवतो.

सोबत: दोन्ही छपायांच्या अनुक्रमणिका व मलपृष्ठांच्या छायाप्रती, न चालणाऱ्या कोडची धडावार यादी, क्रेडिट नोटची प्रत.

आपले,
पुस्तक निवड समिती व शालेय ग्राहक भांडार