कोकोचं रोप उंची बघून घ्यायचं नसतं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

नारळाच्या बागेत कोको, म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतं ते झाड, लावा असा लेख तुमच्या शेतीच्या पानावर वाचला. २०२४ ला न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला तेव्हापासून आमच्या शिराळा भागातपण ज्याच्याकडं चार नारळाची सावली आहे तो कोकोचं विचारतोय. लेखात भाव होता, लागवडीचं अंतर होतं, पण झाड कसलं निवडायचं यावर एक ओळ नाही, आणि उत्पन्न तर तिथंच ठरतं हो.

नर्सरीत उंच हिरवंगार रोप दाखवतात. उंचीचं काय करायचंय? कोकोला फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात, त्यात शंभर फुलांमागं जेमतेम पाच फळं धरतात आणि त्यातलीही बरीच कोवळी असतानाच काळी पडून झाडावरच वाळतात. म्हणून विचारायचं ते ज्यापासून रोप केलं त्या मूळ झाडाचं, फळं किती टिकतात, एका फळात बिया किती, वाळलेल्या बीचं वजन किती. ४० बिया आणि बी १ ग्रॅमची असेल तर २५ फळांत किलोभर सुका माल होतो, तेच २५ बिया आणि बी पाऊण ग्रॅमची असली की ५० च्या वर फळं फोडावी लागतात, मजुरी तेवढी वाढली.

सगळ्यात मोठा घोळ परागीकरणाचा. कोकोच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, अशा जातीच्या एकाच झाडाची कलमं शेतभर लावली तर फुलं भरपूर दिसतील आणि फळ नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे एकमेकांना चालणारी दोन-तीन जातींची कलमं मिसळूनच लावली पाहिजेत, आणि बियांपासूनची रोपं घेतली तर प्रत्येक झाड वेगळं निघतं. पराग नेतात ती बारीक चिलटं, ओल्या कुजलेल्या पालापाचोळ्यात वाढणारी, आणि आपल्याकडं बाग झाडून चकाचक ठेवतात!

केरळात कासरगोडची केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्था (CPCRI) आणि त्रिशूरचं कृषी विद्यापीठ, दोघांनी कोकोच्या निवडक जाती काढल्यात. त्यांची माहिती, कुठली जात कुणाबरोबर लावायची हे सगळं तुमच्या पानावर सविस्तर छापा, आणि तेही पावसाळ्याच्या आधी, कारण रोपांचे टेम्पो तेव्हाच गावात येतात.

एक शेतकरी वाचक,
ता. शिराळा, जि. सांगली