पर्वती पायथ्याच्या अभ्यासिकेतल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. रात्री आठ ते नऊ तुमच्याभोवती कोंडाळं करून बसणाऱ्या आम्हा सहा जणांना कळेलच.

दहावीच्या सुट्टीत प्रोग्रामिंग शिकायचं म्हणून एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते. "लॅपटॉप घ्या, मग या," म्हणून त्यांनी वाटेला लावलं. तुम्ही विचारलंत, "फोन कुणाचा? किती वेळ मिळतो?" फोन आईचा, काचेला तडा गेलेला, तिचे डबे पोचते झाले की तासभर माझा. त्यावर तुम्ही पायड्रॉइड घालून दिलंत, फोनवरच पायथन या भाषेत प्रोग्राम लिहायचं ॲप. एकदा उतरवलं की पायथन नेटशिवाय चालतं, हे रिचार्ज मोजून वापरणाऱ्या घरात केवढं होतं!

सुरुवातीला नुसती चुका दाखवणारी लाल अक्षरं. गृहपाठ मी व्हॉट्सॲपवर टाइप करून मग तिकडे चिकटवायचे. फोन आपणहून प्रिंट या आज्ञेतला पी मोठा करायचा आणि पायथन म्हणायचं, हे नाव मला ठाऊक नाही. एकाकडे कुणीतरी दिलेला जुना आयपॅड होता, तो सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवायचा, तीही पायथनला कळायची नाहीत. तुम्ही न चिडता एकेकाच्या सेटिंगमध्ये शिरून हे सगळं बंद केलंत. (मेसेजमधल्या चुका आता फोन सुधारत नाही म्हणून आई महिनाभर कुरकुरत होती.)

पहिला खरा प्रोग्राम डब्यांच्या हिशोबाचा. आई खाडे कालनिर्णयवर खुणा करून मोजायची. मी डबा लावलेल्या दोन मुलांचे २५०० आणि २६०० बेरजेला टाकले, उत्तर आलं २५००२६००. आई म्हणाली, "एवढे मिळाले तर उद्यापासून पोळ्या बंद!" तुम्ही पोटभर हसलात आणि मग सांगितलंत, की इनपुटमधून आलेलं सगळं पायथनच्या लेखी मजकूर असतं, आकडा हवा तर इंट लावून मागावा लागतो. ते मी जन्मात विसरणार नाही.

पण मनात घर करून राहिली ती तुमची एक अट. कीबोर्ड उघडला की अर्धा स्क्रीन जातो. उरलेल्या जागेत फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एका कामापुरता तुकडा, मावलं पाहिजे. नाही मावलं तर तोडा, आधी वहीवर लिहा. तेव्हा वाटायचं, गरिबाच्या फोनची ही तडजोड आहे. आता डिप्लोमाच्या लॅबमध्ये मोठा स्क्रीन आहे, तरी माझी फंक्शनं तेवढीच असतात. चूक सापडायला वेळ लागत नाही, म्हणून शेजारच्या बाकावरची मुलं त्यांचा कोड माझ्याकडे घेऊन येतात.

तापकीर गल्लीतून आणलेली तुमची ओटीजी केबल, फोनला कीबोर्ड जोडायची, माझ्याकडेच राहिलीय. त्या जुन्या कीबोर्डसाठी आम्ही किती भांडलो! नव्या मुलांना लागेल, शनिवारी आणून देते. आणि आई म्हणते, त्या दिवशी डबा घरून आणू नका.