किल्ली पाठव

वाई, आषाढ

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "शाळा कशी चाललीय?" आणि मी "बरी" म्हणून मोकळा झालो. वर्गात होतो, बोलता येईना. आज रविवार आहे, सकाळपासून पावसाने झोड उठवलीय, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे, तेवढं वाचल्याशिवाय पत्र बाजूला ठेवू नकोस.

आठवीच्या शिष्यवृत्तीचा अंतिम निकाल लागला. आमची सहा मुलं बसली होती, त्यातली दोघं गुणवत्ता यादीत आली. मोठ्या शाळांचे फलक चौकाचौकांत लागतात. आम्ही दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने दोन नावं लिहिली. मुलं दिवसभर येताजाता तो फळा वाचत होती. संध्याकाळी पावसाने नावं पुसली, तर सातवीच्या पोरींनी दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा लिहिली, चोहोबाजूंनी नक्षी काढून.

त्या दोघांतल्या एकीबद्दल सांगतो. आई-वडील दोघंही रोजावर जातात. आपल्याकडे हळद निघायच्या दिवसांत आई शेतावर काढलेल्या हळदीतले गड्डे आणि हळकुंडं वेगळी करते. शाळा सुटली की ही पोरही तिथेच. तुला आठवत असेल, आपल्या वेळच्या शिष्यवृत्तीत एकच उत्तर बरोबर असायचं. हिच्या आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळायचे. हुशार मुलं इथेच फसतात. पहिलं बरोबर उत्तर दिसलं की हात पुढच्या प्रश्नाकडे धावतो. हिचंही डिसेंबरभर तेच चाललं होतं. मग तिने स्वतःच एक रीत काढली. सापडलेल्या उत्तरावर बोट दाबून ठेवायचं आणि उरलेले तीन पर्याय पहिल्यांदाच बघतोय असे वाचायचे. तिची सरावाची पुस्तिका माझ्याकडे आहे. जानेवारीनंतरच्या प्रत्येक पानावर पर्यायांच्या शेजारी हळदीचे पिवळे ठसे आहेत. कुठे अंगठा, कुठे तर्जनी. गणिताच्या पानांवर ते जास्त गडद आहेत, तिथे ती जास्त वेळ थांबायची. मी ती पुस्तिका रद्दीत जाऊ देणार नाही.

आणि हे सगळं कृष्णाबाईच्या, आपल्या कृष्णा नदीच्या, उत्सवाच्या दिवसांत. एका आळीचा उत्सव झाला की दुसऱ्या आळीचा, घाटावर मांडव, कीर्तनं, प्रसादाच्या पंगती. परीक्षा फेब्रुवारीतली. मी भीत भीत मंडळाच्या आजोबांना भेटायला गेलो, म्हटलं मुलांचा अभ्यास आहे. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पाहतो तर कर्ण्यांची तोंडं नदीकडे फिरवलेली. परीक्षेच्या सकाळी त्यांनीच सहाही मुलांच्या हातावर प्रसाद ठेवला. गावाचा असा हात पाठीवर असल्याशिवाय आमच्यासारखी विनाअनुदानित शाळा एक वर्षही उभी राहायची नाही.

बाकीचंही थोडं सांगतो. खो-खोत मुली तालुक्यापर्यंत जिंकल्या, पुढे हरल्या. एलिमेंट्री चित्रकलेला बसलेली सगळी पास झाली. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावीतला एक मुलगा लेखी पार करून प्रात्यक्षिकापर्यंत पोचला. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. औषधाच्या दुकानवाल्या एका पालकाने मोजपात्रं आणून दिली, दुकान बंद झाल्यावर रोज रात्री अर्धा तास त्याच्यासोबत बसला, द्रवाची पातळी डोळ्याच्या रेषेत कशी वाचायची ते शिकवलं. त्याचा स्वतःचा मुलगा तिसरीत आहे, त्याचा या स्पर्धेशी काही संबंध नव्हता. सहावीतला तो मुलगा पुढच्या फेरीत गेला नाही. पण आता सगळी सहावी पाण्याची बाटलीसुद्धा डोळ्यासमोर धरून मोजते.

आता मूळ गोष्ट. ही हळदवाली मुलगी गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेली. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा तिला पहिलीपासून आठवीपर्यंत मोफत शिकवतो, नववीला तो हात सोडतो. जूनमध्ये तिचे वडील आले. चपला दाराबाहेर काढून उभे राहिले. म्हणाले, "सर, दाखला द्या. नववीची फी न्हाय झेपायची." शिष्यवृत्तीचे वर्षाला साडेसात हजार मिळतात, तेही दोनच वर्षं आणि पैसे खात्यावर येईपर्यंत घर थांबत नाही. आर्थिक दुर्बल घटकांची जी दुसरी शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिला विनाअनुदानित शाळेतली मुलं बसूच शकत नाहीत. म्हणजे बुद्धी बसते, घरचं उत्पन्न बसतं, शाळा बसत नाही. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दाखल्याचं पुस्तक काढलंच नाही. आठ दिवस द्या म्हटलं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पण हादग्याला खिरापती करणाऱ्या ज्या आया आहेत ना, त्यांना कळली. स्नेहसंमेलनात त्यांनी भेळ आणि थालीपिठं विकून जमवलेले पैसे पडदे घ्यायला ठेवले होते. त्या चौघी सरळ कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, पडदे राहू देत. उरलेलं संस्थेने सोडलं. वडिलांना बोलावून सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "फुकट नको. म्हयन्याला दोनशे देतो." आम्ही ते घेतो, पावतीही देतो. त्या पावतीवर ते सही करतात तेव्हा मी दुसरीकडे बघतो, कारण माझे डोळे भरून येतात.

तर पोरगी नववीत आहे. पण घर एका खोलीचं, चार माणसं आणि पावसात एका कोपऱ्यात गळतं. अशी आठ-दहा मुलं आहेत आमच्याकडे. शाळेची जागा भाड्याची, सहानंतर मालक कुलूप लावतो.

म्हणून मागतो. गंगापुरीतलं तुझं घर चार वर्षं बंद आहे. परवा त्या बोळातून आलो, सोप्याची, म्हणजे ओसरीची, लाकडं अजून खणखणीत आहेत, फक्त दाराशी गवत वाढलंय. संध्याकाळी सहा ते नऊ तेवढा सोपा आणि पुढची खोली दे. विजेचं बिल आम्ही भरू, झाडलोट मुलं करतील, मी रोज तिथे असेन. आणि काकांच्या कपाटातले विश्वकोशाचे खंड उघडायची परवानगी दे. आठवतंय, पहिला खंड १९७६ साली आला तेव्हाची गोष्ट काका किती अभिमानाने सांगायचे? आपल्याच गावात घडलेला ग्रंथ आणि आपल्याच गावातल्या या मुलांनी तो हातात घेतलेला नाही. मोबाइलवर सापडतो म्हणतील, पण घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांबरोबर कामावर.

तिला मी विचारलं, तुला काय वाचायचंय? म्हणाली, "हळदीवर काय लिहिलंय ते."

घरात वहिनींना विचारून मगच कळव. हो असेल तर किल्ली कुरिअरने पाठव, एसटीत कुणाच्या हाती देऊ नकोस. कुलपाला तेल मी आजच घालून ठेवतो.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा