पुढच्या चिपची वाट पाहू नकोस, आबा

चोपडा,
१८ जानेवारी २०२६

प्रिय आबा,

कसा शेस भो? शहाद्याहून आलेल्या गाडीसोबत तू पाठवलेला पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी परवा संध्याकाळी मिळाली. तिळगूळही पोहोचला, घरच्यांनी लगेच संपवला. चिठ्ठीतला तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: "लग्नाच्या सीझनच्या आत एडिटिंगला नवा कॉम्प्युटर घेऊ, का वर्षाअखेर प्रोसेसरची नवी पिढी येतेय म्हणतात, तोवर थांबू?" उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि नंतर मनाचंच करतोस. म्हणून लिहितोय. नीट वाच.

आधी तुझ्या क्लिपबद्दल. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं शूटिंग बघून मी खुर्चीत सरळ बसलो. तो पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, मालक लगाम सैल सोडतो आणि नालांखालची धूळ उन्हात वर येते. एवढे रंग तुझ्या जुन्या कॅमेऱ्यात कधी आले नव्हते. तू लिहितोस की हीच क्लिप तुझ्या मशीनवर प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर दोन-तीन सेकंदांनी अडकते. माझ्याकडे ती लोण्यासारखी चालली. आणि माझं मशीन काय आहे? इंटेलचा बाराव्या पिढीचा साधा आय-५ प्रोसेसर, २०२२ सालचा. कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, सहा. तुझ्या एएमडीच्या रायझन २६०० प्रोसेसरलाही सहाच.

मग फरक कुठे पडला? तुझा नवा कॅमेरा एच-२६५ (व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत) मध्ये १० बिट, ४:२:२ रेकॉर्डिंग करतो. जुना ८ बिट, ४:२:० करायचा. जुन्यात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, नव्यात १०२४. जुन्यात चार पिक्सेलमागे एकदा रंगाची नोंद, नव्यात दोन पिक्सेलमागे एकदा. म्हणून नवरीच्या शालूचा रंग आता खरा दिसतो. पण ही गाठोडी सोडवायला चिपमध्ये वेगळा भाग लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून तो प्रोसेसरातल्या ग्राफिक्समध्ये आहे. तुझ्या जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डात ४:२:२ साठी तो नाही आणि २६०० मध्ये तर ग्राफिक्सच नाही. म्हणून सगळं ओझं सहा कोअरवर येतं आणि ते धापा टाकतात. तुझं मशीन म्हातारं झालेलं नाही आबा, त्याच्यासमोर आलेलं काम बदललंय. 'पुढची पिढी कधी येणार' हा प्रश्न म्हणूनच मला चुकीचा वाटतो. आपल्या कामात काय अडतंय, तिथून सुरुवात करायची.

हे मला कळायला एक अख्खं वर्ष गेलं. २०२३ चा उन्हाळा तुला आठवत असेल. आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून त्या वर्षी आमच्या दादांनी एक बोंडही विकलं नाही. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, त्याच खोलीच्या कोपऱ्यात माझं टेबल. दादा भाव वाढायची वाट बघत होते आणि मी इंटेलच्या चौदाव्या पिढीची. माझं मशीन तेव्हा चौथ्या पिढीचं होतं, २०१३ सालचं. म्हटलं, दहा वर्षं थांबलो, आणखी सहा महिने काय जड आहेत?

मे महिन्यात एका लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की साठ-सत्तर टक्क्यांवर मशीन बंद पडायचं. बाहेर ४४-४५ डिग्री. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा कॅबिनेट उघडलं. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर कापसाच्या तंतूंची करड्या रंगाची जाड गादी बसली होती, गोधडीतून काढावी तशी. चिमट्याने ओढली तर एका तुकड्यात निघाली. खाली प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी वाळलेली, नखाने भुगा व्हायची. ब्रश, ब्लोअर आणि नवी पेस्ट, पाऊण तास गेला असेल. तापमान पंचवीस डिग्रीने खाली आलं आणि मशीन रात्रभर न थांबता चाललं.

पण तोवर दोन लग्नांचं एडिटिंग मी जळगावला बाहेर देऊन बसलो होतो. कमाईतला मोठा वाटा तिकडे गेला. दादांनी कापूस शेवटी सात-साडेसात हजारांच्या आसपास दिला, तोही वजनात घटलेला. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती ती वेगळीच. ऑक्टोबरात चौदावी पिढी आली. डेस्कटॉपसाठी ती जवळजवळ तेरावीच होती, क्लॉक स्पीड, म्हणजे चिपचा वेग, थोडा वाढवलेली. मग मी दोन पिढ्या मागचा बारावा आय-५ घेतला आणि तोच आजपर्यंत घर चालवतोय.

थांबण्यात कधीकाळी अर्थ होता, हे मी मान्य करतो. १९९३ मध्ये पहिला पेंटियम ६६ मेगाहर्ट्झचा होता. २००० साली १ गिगाहर्ट्झ, म्हणजे १००० मेगाहर्ट्झ झालं. सात वर्षांत पंधरापट! गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलेला आणि १९७५ मध्ये 'दर दोन वर्षांनी दुप्पट' असा दुरुस्त केलेला अंदाज चिपवरच्या ट्रान्झिस्टरच्या (बारीक स्विचच्या) संख्येचा होता, पण तेव्हा वेगही त्याच्यासोबत पळत होता. आपण दोघं एमएस-सीआयटीला एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने बसायचो, त्या २००४ मध्ये पेंटियम-४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला होता. आज वीस वर्षांनी सगळ्यात जास्त वेगाची डेस्कटॉप चिप ६ च्या थोडी वर जाते, तीही क्षणभर. उष्णतेने वाट अडवली. म्हणून आता कोअर वाढवतात, कॅश (चिपमधली झटपट मेमरी) वाढवतात आणि व्हिडिओसारख्या कामांना वेगळे भाग देतात. नवी पिढी म्हणजे सगळंच दुप्पट, असं आता राहिलेलं नाही.

पुढे काय येतंय तेही सांगतो, म्हणजे मनात रुखरुख नको. इंटेलने 'नोव्हा लेक' ही पुढची पिढी २०२६ च्या अखेरीस येईल म्हटलंय. एएमडीची 'झेन ६' यायची आहे आणि २०२२ मध्ये आलेला एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) २०२७ पर्यंत तरी चालवू, असं त्यांनी सांगितलंय. दोन्ही चांगल्या असतील, मलाही उत्सुकता आहे. पण त्या घ्यायच्या म्हणजे तुला नवा मदरबोर्ड आणि नव्या प्रकारची, डीडीआर-५ रॅम आली. रॅमचं काय झालंय बघतोयस ना? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि गेल्या काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबरात 'क्रुशियल' हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुझ्याकडे ३२ जीबी डीडीआर-४ रॅम आहे. ती आज सोन्यासारखी आहे, कुणाला देऊन बसू नकोस.

तेव्हा माझं म्हणणं असं. आज रात्रीपासून प्रॉक्सी बनवायला लाग. प्रीमियर हलक्या फाइली करून देतो, एडिटिंग त्यावर करायचं, एक्सपोर्ट मूळ फाइलीतून होतं. त्याला पैसा लागत नाही. मग १०६० काढून आरटीएक्स ५०६० टाकू. त्या मालिकेच्या कार्डांत ४:२:२ उलगडणारा भाग आहे, तुझ्या घोड्यांना तोच हवाय. हे मात्र लवकर घे, कारण कार्डावरही मेमरीच असते आणि तिचा भाव उतरायची चिन्हं मला दिसत नाहीत. कार्ड १४५ वॅटचं आहे, जुनं १२० चं होतं. पॉवर सप्लायला आठ पिनांची वायर आहे का, तेवढं बघ.

प्रोसेसर बदलायची घाई नाही. तुझ्या बी४५० बोर्डावर आठ कोअरचा रायझन ५७००एक्स बसतो. तो २६०० एवढाच, ६५ वॅटचा आहे. पण आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. ते तू एकट्याने करू नकोस. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो, आणि आपल्याकडच्या लायटीचं तुला मी काय सांगू? यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून महिनाभर लग्नं नाहीत. तेव्हा निवांत करू, माझ्याकडे चांगला यूपीएस आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला म्हणून माझ्याकडे रोज घाबरलेली माणसं येतात, पण तुझा २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करायचा राहिलाय, तेही मी करून देतो.

येत्या रविवारी शिरपूरमार्गे निघ. कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घे, गाडीच्या टपावर देऊ नकोस. निघण्याआधी पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो पाठव, म्हणजे कार्ड सांगून ठेवता येईल. तुझ्या घराशेजारीच कापसाची जिनिंग आहे, तेव्हा पंख्याखाली काय निघेल याचा मला अंदाज आहे. ब्लोअर काढून ठेवतो. आई भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहे, हिरवी वांगी कालच आणलीत. आणि घोडेबाजाराच्या बाकीच्या क्लिपा पण आण, मला त्या पांढऱ्या घोड्याचं पुढे काय झालं ते बघायचंय.

तुझाच,
नाना