गुरुवारचं कुलूप: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

परवा पहाटेच्या एसटीने बायकोला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे ‘मेमरी क्लिनिक, दर गुरुवारी’ असा फलक आहे. फलकाखाली कुलूप होतं. डॉक्टर प्रतिनियुक्तीवर गेलेत म्हणे. खिडकीतला माणूस वर म्हणतो, “आजोबा, साठी बुद्धी नाठी. कशाला हेलपाटे मारता?”

साहेब, वय माझंही झालंय. ७४ चा आहे. चष्मा कुठे ठेवला ते मीही विसरतो. हिचं तसं नाही. हिच्या कटाची आमटी शेजारचे वाटी पाठवून मागून न्यायचे, आणि गेल्या होळीला ही शिजलेली डाळ पुढ्यात घेऊन पुरणयंत्राकडे नुसती बघत बसली. पुढे काय करायचं तेच सुचेना. संध्याकाळी पिशवी काखेला लावून “घरी जाते” म्हणते. मी दाराची वरची कडी लावतो. रात्रीतून तीनदा उठते. मला सलग झोप मिळून दोन वर्षं झाली. ही मागणी नव्हे, सांगितलं आपलं.

बी-१२ कमी झालं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरायला होतं, आणि ते औषधाने सावरू शकतं. त्यासाठी रक्त वेळेत तपासावं लागतं. आमच्या तालुक्यात “वयोमान” म्हणण्यातच तीन वर्षं गेली. शेवटी खासगीत एमआरआय केला. मेंदू आक्रसलाय. अल्झायमर.

देशात साठीपुढचे ८८ लाख डिमेन्शियाचे, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाचे, रुग्ण आहेत, असं पेपरात वाचलं. मी गणिताचा मास्तर. लोकसंख्येच्या हिशोबाने आपल्या वाट्याला आठेक लाख यावेत. कमी-जास्त तुमचं खातं बघेल, कुलूप उघडल्यावर. सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड दिलंत, आभार. पण ते चालतं रुग्णालयात भरती झाल्यावर. हिला खाट नको, महिन्याच्या गोळ्या हव्यात आणि दिवसातले चार तास बघणारं माणूस हवं. मी जिन्यावरून पडलो तर मात्र कार्ड चालेल!

आणि सगळा कारभार आठवणीवरच चाललाय. ओटीपी सांगा, पासवर्ड सांगा, जुनी सही करा. हीसुद्धा जिल्हा परिषदेची शिक्षिका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर हिने माहेरच्या नावाने सही केली. लग्नाला ४६ वर्षं झालीत. कागद परत आला, सही जुळत नाही. बाई समोर जिवंत बसलीय, पण हयात नाही. मतदानाच्या दिवशी मात्र हिला न्यायला दारात रिक्षा येते.

दर गुरुवारी डॉक्टर बसवा. बसवता येत नसेल तर फलक तरी उतरवा, आमचं एसटीचं भाडं वाचेल.

उत्तर द्यायचं झालं तर फोन करा. तिने उचलला तर “ते शाळेत गेलेत, पाचनंतर येतील” असं सांगेल. ठेवू नका, मी शेजारीच बसलेला असतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक